मित्रदेशांचे जादा सुटे भाग: घ्यायचेच तर वेळेवर आणि कागदांसह

निवतीच्या खडकांजवळ नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका समुद्रतळी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प जाहीर झाल्यापासून वेंगुर्ल्याच्या बंदरावर मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. पर्यटकांना होडीतून फिरवणाऱ्या एका मुलाने तो परवा आमच्या बोलीत असा विचारला: "काकानू, बुडवचे आधी आतला सामान काढून घेतल्यानी आसतला मां?" मी नौदलाच्या हवाई शाखेत तांत्रिक कामात तेवीस वर्षे काढली असल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. पोलंडमध्ये बांधलेली गुलदार, तिच्याच जातीच्या चीता आणि कुंभीर या दोन नौकांसह, 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअर येथे सेवेतून बाहेर पडली; तिघी एकदमच गेल्यामुळे त्यांच्यासाठीच बनलेल्या भागांना आपल्या नौदलात फारसा ग्राहक उरला नाही, असे मी त्याला सांगितले. परंतु आपल्याकडे ग्राहक नसलेला भाग दुसऱ्या देशाला हवा असू शकतो, आणि दुसऱ्याच्या गोदामात पडून असलेला भाग आपल्याला हवा असू शकतो. मित्रदेशांमधल्या या देवघेवीबद्दल माझे काही ठाम मत आहे आणि ते मी आज सविस्तर लिहीत आहे.

एखादे हवाई दल किंवा नौदल आपले विमान सेवेतून काढते, तेव्हा त्या विमानाच्या जोडीला वीस-तीस वर्षे जमवलेला सुट्या भागांचा साठाही निरुपयोगी होतो. तेच विमान वापरणाऱ्या दुसऱ्या देशासाठी मात्र हा साठा म्हणजे विमाने आणखी दहा-पंधरा वर्षे उडवण्याची सोय असते, कारण मूळ कारखान्याने त्या भागांचे उत्पादन बहुधा बंद केलेले असते. ब्रिटनने 2010 च्या अखेरीस आपली हॅरियर विमाने सेवेतून काढली आणि 2011 मध्ये त्यांतली 72 विमाने सुट्या भागांसह सुमारे 11 कोटी 60 लाख पौंडांना अमेरिकेला दिली. अमेरिकेच्या मरीन कोअरने या साठ्याचा उपयोग स्वतःची हॅरियर विमाने दशकाहून अधिक काळ चालू ठेवण्यासाठी केला. विमाने निवृत्त होऊन वर्ष उलटण्याच्या आत व्यवहार झाला आणि विमाने, इंजिने, भाग, साधने असे सगळे एकाच वेळी एका हातातून दुसऱ्या हातात गेले, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

आपल्या जग्वार लढाऊ विमानांच्या बाबतीत असे घडले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. फ्रान्सने जग्वार 2005 मध्ये निवृत्त केले, ब्रिटनने 2007 मध्ये आणि ओमानने 2014 मध्ये. आपण हे विमान हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये परवान्याने बांधत होतो आणि आपण ते सर्वांत जास्त काळ वापरणार आहोत, हे त्या वेळीही उघड होते. तरीही फ्रान्सकडून 31 जुने सांगाडे भागांसाठी मिळवण्याची बातमी आली ती 2018 मध्ये. म्हणजे फ्रेंच वैमानिक त्या विमानातून शेवटचे उतरल्यानंतर तेरा वर्षांनी. तेरा वर्षे उभ्या असलेल्या विमानातल्या रबरी नळ्या, सील आणि विजेच्या तारांच्या जोडण्या कोणत्या अवस्थेत असतात, हे कोकणात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मिराजच्या वेळी आपण शहाणपण दाखवले. फ्रान्स आपली मिराज 2000 सी विमाने 2022 मध्ये निवृत्त करणार होता आणि त्याआधीच, 2021 मध्ये, आपल्या हवाई दलाने 24 जुनी मिराज मुख्यतः भागांसाठी सुमारे 2 कोटी 70 लाख युरोंना घेतली. एका नव्या लढाऊ विमानाची किंमतही याहून कितीतरी जास्त असते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सैनिकी सुटा भाग विकत घेणे म्हणजे त्या भागाचा इतिहास विकत घेणे होय. हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हेड (ज्याला पाती जोडलेली असतात तो भाग) किंवा गिअरबॉक्स डोळ्यांना चकचकीत दिसला, म्हणून तो बसवता येत नाही. अशा भागांना ठरावीक आयुष्य असते; काहींचे उड्डाणाच्या तासांत मोजले जाते, काहींचे वर्षांत, तर चाकांच्या यंत्रणेतल्या काही भागांचे किती वेळा उतरले यावर. धातू थकतो, आणि थकव्याची भेग नजरेला दिसू लागते तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भागाबरोबर त्याचे लॉग कार्ड फिरते. त्यावर भागाचा अनुक्रमांक, तो कोणत्या हेलिकॉप्टरवर किती तास उडाला, त्याचे ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, कधी आणि कुठे झाले, कोणत्या सुधारणा त्यात केल्या आहेत, हे सगळे लिहिलेले असते. हे कार्ड हरवले की तांत्रिक नियम कठोर होतो: भागाचे सगळे आयुष्य संपले आहे असेच धरावे लागते. लाखो रुपयांचा गिअरबॉक्स त्या क्षणी भंगाराच्या भावाचा होतो.

माझ्या नोकरीच्या काळात मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. मध्यस्थामार्फत परदेशातून आलेल्या जादा भागांची एक खेप आमच्याकडे तपासणीसाठी आली होती. देशाचे आणि मध्यस्थाचे नाव मी लिहीत नाही. पेट्या उत्तम होत्या, आतले मेणकागदाचे वेष्टन शाबूत होते. पण ओलावा शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झालेल्या होत्या, म्हणजे त्या केव्हाच भरून गेल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक भागांची लॉग कार्डे नव्हती. तेव्हा वरच्या हँगरमध्ये एक हेलिकॉप्टर नेमक्या त्यांतल्याच एका भागावाचून उभे होते. माझ्यासमोर भाग होता, हातात पाने होते, आणि तरीही तो बसवता येत नव्हता. आमच्या चीफने एकही शब्द न बोलता त्याला 'वापरू नये' अशा खुणेची लाल पट्टी बांधली. त्यांचा तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो, पण ती खेप घेताना कागदांची अट घालण्याची आठवण कोणालाच झाली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

भागाची ओळख पटवण्यासाठी एक चांगली पद्धत जगात आहे. नाटो देशांनी आणि त्यांच्याबरोबरच्या इतर अनेक देशांनी स्वीकारलेल्या वर्गीकरणात प्रत्येक वस्तूला 13 अंकी क्रमांक असतो. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे दोन तो क्रमांक देणारा देश, आणि उरलेले सात ती नेमकी वस्तू. नॉर्वेच्या गोदामातला एक व्हॉल्व्ह आणि जर्मनीच्या गोदामातला व्हॉल्व्ह एकच आहे की नाही, हे या क्रमांकावरून भाषेच्या अडचणीशिवाय कळते. लक्झेंबर्गमध्ये असलेली नाटोची पुरवठा संस्था सदस्य देशांच्या भागांची अशी देवघेव अनेक वर्षे करत आली आहे. पण हा क्रमांक वस्तू कोणती हे सांगतो, ती किती वापरली गेली आहे हे सांगत नाही. ते काम लॉग कार्डाचेच.

आमच्या बंदरावरचा बोटमालकही जुने इंजिन घेताना आधी "किती तास चालला आहे" हेच विचारतो. ज्याने विचारले नाही, त्याला ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत दुसऱ्याच्या दोराने ओढून आणावे लागते. समुद्रात ओढून आणता तरी येते.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे, आणि इथे सामान्य वाचकाचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. मित्रदेशाने भाग विकत घेतले की तो त्यांचा पूर्ण मालक झाला आणि तो ते कोणालाही देऊ शकतो, असे आपण समजतो. वास्तवात अमेरिकी बनावटीची सैनिकी वस्तू अमेरिकेच्या संमतीशिवाय तिसऱ्या देशाला देता येत नाही. 1976 चा शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा तसे सांगतो. जर्मनीची लेपर्ड रणगाड्यांबाबतची अट अशीच आहे, म्हणून 2023 च्या जानेवारीत पोलंडला आपले लेपर्ड युक्रेनला देण्यासाठी बर्लिनच्या होकाराची वाट पाहावी लागली. स्वित्झर्लंडने 2022 मध्ये जर्मनीला गेपार्ड या विमानविरोधी तोफगाडीचा स्विस बनावटीचा दारूगोळा युक्रेनला पाठवू दिला नाही. हे सगळे एकमेकांचे शेजारी आणि स्नेही देश आहेत.

आपल्या नौदलाला याची झळ 1998 मध्ये बसली. सी किंग हेलिकॉप्टरे आपण ब्रिटनच्या वेस्टलँडकडून घेतली होती, पण मूळ रचना अमेरिकेच्या सिकोर्स्कीची आणि आत अमेरिकी भाग. पोखरणला 11 आणि 13 मे रोजी चाचण्या झाल्या आणि अमेरिकी निर्बंध लागू होताच ब्रिटनमधून येणारे भागही थांबले. ज्या देशाने आपल्यावर बंदी घातली नव्हती, त्या देशाशी केलेला करारही उपयोगी पडला नाही. हँगरमध्ये एका हेलिकॉप्टरचा भाग काढून दुसऱ्याला लावणे, म्हणजे कॅनिबलायझेशन, हे रोजचे काम झाले. प्रत्येक भाग दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागे, प्रत्येक वेळी आटे झिजण्याची आणि जोडणी बिघडण्याची शक्यता वाढे, आणि ज्या हेलिकॉप्टरचे भाग काढले ते दिवसेंदिवस कोपऱ्यात पोकळ होत जाई. सप्टेंबर 2001 मध्ये निर्बंध उठले. त्या तीन वर्षांत रात्र रात्र जागून काम केलेल्या सहकाऱ्यांची नावे कोणत्याही बातमीत आली नाहीत.

नियम चुकवून होणारी देवघेव कशी असते, हेही आपण जवळून पाहिले आहे. 1965 च्या युद्धानंतर शस्त्रबंदी असताना पश्चिम जर्मनीची 90 सेबर विमाने इराणच्या नावाने निघाली आणि पाकिस्तानात पोहोचली. 1971 मध्ये ती आपल्याविरुद्ध उडाली. त्याच सुमारास जर्मन नौदलाने काढलेली 28 सी हॉक विमाने आपल्या नौदलाला मिळाली, आणि विक्रांत या विमानवाहू नौकेवरून 1971 मध्ये चितगाव आणि कॉक्सबाजारवर हल्ले करणाऱ्या ताफ्याला त्यांचे बळ होते. म्हणून अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राला, म्हणजे माल नेमका कोण वापरणार याच्या लेखी हमीला, मी निव्वळ कागदी औपचारिकता मानत नाही. अमेरिकेने स्वतःची एफ-14 विमाने 2006 मध्ये निवृत्त केली, तेव्हा जगात ती वापरणारा दुसरा देश फक्त इराण होता. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने गुप्तपणे ग्राहक पाठवून सैन्याच्या जादा मालातून संवेदनशील वस्तू सहज विकत घेता येतात हे सिद्ध केले, आणि 2007 मध्ये एफ-14 च्या भागांची विक्री थांबवावी लागली. विक्रेत्याची ही भीती खरी आहे, आणि आपण ग्राहक म्हणून तिला उत्तर द्यायला तयार असले पाहिजे: भाग कुठे गेला, कोणत्या विमानावर बसला, निकामी झाल्यावर कसा नष्ट केला, हे दाखवणाऱ्या नोंदी आपण आपण होऊन ठेवाव्यात. अशा नोंदी ठेवणाऱ्या देशाला पुढची संमती लवकर मिळते.

जुने भाग घेत राहिलो तर स्वावलंबन लांबेल, असा आक्षेप काही मित्र घेतात. त्यांची तळमळ मला समजते. परंतु निवृत्तीला दहा वर्षे उरलेल्या विमानासाठी वीस-पंचवीस विशिष्ट गिअर लागत असतील, तर त्यासाठी साचे, उष्णता-प्रक्रिया आणि चाचणीचा खर्च कोणता कारखाना करील? तो खर्च पुढच्या विमानासाठी व्हावा. सील, नळ्या, गाळणी, जोडण्या असे सतत लागणारे भाग मात्र इथेच बनले पाहिजेत, आणि पुष्कळसे बनतातही.

वेळेचे महत्त्व सी किंगनेच पुन्हा शिकवले. ब्रिटन, बेल्जियम, नॉर्वे यांनी गेल्या दहा वर्षांत आपली सी किंग निवृत्त केली. ब्रिटनने 2022 मध्ये तीन आणि जर्मनीने 2024 मध्ये सहा सी किंग युक्रेनला देण्याचे जाहीर केले. युरोपातल्या गोदामांत उरलेल्या भागांवर आता युक्रेनचा हक्क पहिला, आणि युद्धात असलेल्या देशाचा तो असावाही. आपण आधीच बोलणी केली असती, तर हा प्रश्न आला नसता. आपल्या ताफ्यातले प्रत्येक विमान आणि जहाज इतर कोणता देश वापरतो आणि तो ते कधी काढणार आहे, याची यादी ठेवणारा एक छोटा, कायमचा विभाग असावा, ज्यात हँगरमध्ये हात काळे केलेली माणसे असतील, असे मला फार वाटते. आणि त्याने निवृत्तीच्या दोन वर्षे आधी पत्र पाठवावे. मागणीत भागांबरोबर लॉग कार्डे, भाग तपासण्याची चाचणी-यंत्रे, खास पाने आणि दुरुस्तीच्या पुस्तिका असाव्यात.

आता आपण देणारेही झालो आहोत. जुलै 2023 मध्ये आपण 'कृपाण' ही चालू स्थितीतली कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, व्हिएतनामला भेट दिली. मॉरिशस, मालदीव, श्रीलंका यांच्याकडे आपली डॉर्नियर विमाने किंवा ध्रुव हेलिकॉप्टरे उडाली आहेत. ब्रिटिश बनावटीची दोन आयलँडर विमाने म्यानमारला देण्याचे 2006-07 मध्ये ठरत होते, तेव्हा ब्रिटनने भागांचा पुरवठा थांबवण्याचा इशारा दिला होता, हे आपण विसरू नये. इक्वेडोरने घेतलेल्या सात ध्रुवांपैकी चार कोसळली आणि 2015 मध्ये त्यांनी करार रद्द केला, त्या तक्रारीत सुट्या भागांचा विषयही होता. ज्याला आपण यंत्र देतो, त्याच्या हँगरमध्येही कोणीतरी हातात पाने घेऊन उभा असतो. पुढच्या प्रत्येक करारात तीन गोष्टी पहिल्या दिवशी लिहिल्या जाव्यात: आपण यंत्र निवृत्त करण्याआधी त्याला किती महिने आधी कळवू, उरलेला साठा त्याला कोणत्या दराने मिळेल, आणि तो साठा त्याने पुढे कोणाला द्यायचा असेल तर आपली संमती किती दिवसांत देऊ. होडीवाल्या त्या मुलाचा मोठा भाऊ यंदा नौदलात गेला आहे, तांत्रिक शाखेत. त्याची नेमणूक कोणत्या हँगरमध्ये होईल, याची आता मीही त्यांच्या घरच्यांइतकीच वाट पाहत आहे.