राणेंचे चार दिवस आणि पुढची ४६ वर्षं

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, पंच्याऐंशीच्या पुढचे, सॅपर. म्हणजे आर्मीतले इंजिनिअर, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, ७१ च्या लढाईत होते. दरवर्षी २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की कोणीतरी पोरांना त्यांच्यासमोर आणून उभं करतं, "काका, युद्धातला एखादा थरारक किस्सा सांगा ना", आणि काका दरवर्षी बेली ब्रिज, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून उभा करायचा पूल, कसा जोडतात ते सांगतात. एक पॅनल १० फुटांचं, उचलायला सहा माणसं, पिन कुठे बसते, आधी काय आणि मग काय. पाच मिनिटांत पोरं पांगतात. मीही वैतागायचो, खोटं कशाला बोलू.

यंदा थांबलो. तर त्यांनी राणेंचा विषय काढला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हे लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मेजर राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियेचे, जन्म १९१८ चा. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले पहिले. फॉरवर्ड्समध्ये त्यांचा एकच प्रसंग फिरतो आणि प्रसंग आहेच तसा. ८ एप्रिल १९४८, काश्मीरची लढाई, जम्मूकडच्या नौशेराहून राजौरीकडे आपली फौज निघालेली, रस्त्यात सुरुंग पेरलेले. ते काढायला घेतले तोच मॉर्टरचा मारा सुरू, दोन जण जागेवर गेले, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. तरी संध्याकाळपर्यंत सुरुंग काढून झाले. पुढे तर हा माणूस रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत चाललाय, ड्रायव्हरपर्यंत दोन दोऱ्या बांधलेल्या, एक ओढली की थांब आणि दुसरी ओढली की चल. वय २९.

पण मी रस्त्याच्या साइटवर काम करणारा माणूस, माझी नजर दुसऱ्याच गोष्टीवर अडकली. रस्त्यात पाडून ठेवलेली पाईनची भलीमोठी झाडं, त्याभोवती परत सुरुंग, पुढे उडवलेला भराव, आणि हे सगळं मशीनगनच्या माऱ्यात. आम्हाला इथे एक मोरी खचली तर डायव्हर्जन काढायला आठवडा लागतो, तोही पावसाचं कारण देऊन! तर ११ तारखेला सकाळी ११ पर्यंत राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसचा रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा झाला. कुणालाही वाटेल झालं, संपलं. राणे त्या रात्री १० पर्यंत रस्त्याचंच काम करत होते. कारण रणगाडा कसाही जातो हो, मागून ट्रक यायचे असतात. ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच नसते आणि मला विचाराल तर खरा इंजिनिअर इथे दिसतो. १२ एप्रिलला राजौरी घेतली.

आता पुढचं. १९४८ नंतर राणे ४६ वर्षं जगले. मेजर म्हणून १९५८ मध्ये रिटायर झाले, चाळिशी पूर्ण व्हायला एक दिवस बाकी. पण लगेच पुन्हा नेमणूक, ती थेट ७ एप्रिल १९७१ पर्यंत. तारीख बघा, त्या ८ एप्रिलला २३ वर्षं व्हायला एकच दिवस कमी. मुद्दाम असेल असं नाही, पण मला चटका लागला. आणि त्यानंतर अजून २३ वर्षं. जुलै १९९४ मध्ये पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये गेले. कारवारला पुतळा उभा राहिला २००६ मध्ये, अंदमानच्या एका बेटाला नाव दिलं २०२३ मध्ये. या ४६ वर्षांबद्दल आपल्याला काय माहितीय? शून्य. आपण शोधलंच नाही.

ह्याच बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्र सिंग भगत. १९४१ मध्ये आफ्रिकेत सलग चार दिवस सुरुंग काढत होते, १५ सुरुंगक्षेत्रं, ५५ मैल, एका कानाचा पडदा फाटला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लेफ्टनंट जनरल होऊन रिटायर झाले आणि दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचे चेअरमन झाले, म्हणजे धरणं, वीज, परत इंजिनिअरिंगच. वर्षही पूर्ण झालं नाही आणि १९७५ मध्ये गेले, ५६ व्या वर्षी. हे चेअरमनपण किती जणांना ठाऊक असेल?

माझं म्हणणं एवढंच, आपण या लोकांना बटण समजतो. दाबलं की शौर्य बाहेर यायला पाहिजे, तेही दहा मिनिटांत, नाष्ट्याच्या आधी. आणि ज्याला तो स्वतः काम म्हणतो, जे आयुष्यभर केलं, ते ऐकायचा आपल्याला कंटाळा. वर हेच काका टेरेसच्या टाकीखाली टॉर्च घेऊन वाकले, तडा दाखवला, की कमिटीतले लोक म्हणणार "काकांना काही उद्योग नाही". (टाकी नंतर गळली. मीही कमिटीत होतो.)

तर यंदा पोरं पांगल्यावर मी बसून राहिलो आणि विचारलं, काका, ती पिन बसलीच नाही तर काय करता? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मस्करी करतोय का ते चाचपलं बहुतेक. "अंधारात की उजेडात?" म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.