चाळिशीनंतर भाषा येत नाही म्हणे!

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. म्हणे दहाव्या वर्षानंतर मेंदूतला भाषेचा कप्पा बंद होतो, लहान मुलं काही महिन्यांत फाडफाड बोलायला लागतात पण मोठ्यांना जमत नाही, आणि कॉलेजात शिकून सोडलेली फ्रेंच-जर्मन तर कायमची पुसली जाते, त्यामुळे चाळिशीत परत त्या वाटेला जाऊ नका. खाली ठरलेलं शेपूट, 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय'.

दहाचा आकडा २०१८ च्या एका अभ्यासात आहे खरा. हार्टशोर्न, टेनेनबॉम आणि पिंकर या संशोधकांनी जवळपास ६ लाख ७० हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन चाचणी घेतली होती. पण त्यात दहाव्या वर्षाच्या आत शिकायला सुरुवात करायची अट आहे ती हुबेहूब मातृभाषिकासारखं व्याकरण येण्यासाठी. शिकण्याची क्षमता साधारण १७-१८ पर्यंत चांगली टिकते आणि मग उतरते, असं ते म्हणतात. उतरते म्हणजे शून्य होत नाही हो.

लहान मुलांचं म्हणाल तर स्नो आणि होफ्नागेल-होल या संशोधकांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणारे इंग्रजी भाषिक तपासले, तर सुरुवातीच्या महिन्यांत पुढे होते ते १२ ते १५ ची मुलं आणि मोठी माणसं, तीन ते पाच वर्षांची पोरं मागेच. नंतर मुलं गाठतात, उच्चारात तर बहुतेकदा पुढेच जातात, तेवढं मान्य.

आता 'पुसली जाते'. हे मात्र साफ चूक. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरल्यासारखं वाटणारं दुसऱ्यांदा पाठ करायला कमी वेळ लागतो. पुढे १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बाहरिकने शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून जास्त लोकांना तपासलं, काहींचा तर संबंध सुटून पन्नास वर्षं झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत भरपूर गळती होते आणि मग उरलेलं पंचवीसेक वर्षं जवळजवळ तसंच राहतं! आणि ज्यांनी मुळात जास्त शिकलं होतं त्यांचं जास्त उरलं. परत सुरू करणाऱ्याला हे लगेच जाणवतं, वाचलं की कळतं पण बोलायला गेलं की ततपप. जर्मनमध्ये वाइल (म्हणजे 'कारण') आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी ढकलायचं हे डोक्यात पक्कं असतं (मराठीवाल्यांना त्याचं काय कौतुक, आपलं क्रियापद शेवटीच असतं), तोंडातून निघताना मात्र ते मध्येच टपकतं. तोंडाची सवय गेलीय, भाषा नाही.

खरी अडचण वेळेची आहे आणि मेसेजात नेमकं तेच नाही. अमेरिकेच्या राजनयिकांना भाषा शिकवणारी संस्था स्पॅनिशसाठी साधारण सहा-सातशे तास धरते आणि जपानीसाठी दोन हजारांच्या वर, आणि शिकणारे सगळे मोठेच. नोकरी सांभाळून एवढे तास काढणं जड जातंच. म्हणून निदान 'माझं नाव अमुक' पासून परत सुरू करू नका, जुन्या पुस्तकाचा मधला धडा उघडा आणि मोठ्याने वाचा, अडेल तिथे मागे जा.