उत्तर मॅसेडोनियाला आणखी किती थांबवणार?

युरोपियन युनियनमध्ये नवे देश घ्यावेत का, हा वाद निघाला की सगळे युक्रेनबद्दल बोलतात. मला मात्र आधी उत्तर मॅसेडोनिया आठवतो.

2003 मध्ये थेस्सालोनिकीच्या परिषदेत युनियननेच आग्नेय युरोपातल्या पश्चिम बाल्कन देशांना, म्हणजे उत्तर मॅसेडोनियालाही, शब्द दिला होता की तुमचं भवितव्य आमच्यासोबत आहे. 2005 पासून हा छोटा देश अधिकृत उमेदवार आहे. 'मॅसेडोनिया' या नावावर ग्रीसचा आक्षेप, म्हणून वर्षानुवर्षं अडवणूक. शेवटी 2018 च्या प्रेस्पा करारानुसार त्यांनी देशाचं नावच बदललं. घरात केवढा विरोध पत्करून! आणि बक्षीस काय मिळालं? 2019 मध्ये फ्रान्सने वाटाघाटी रोखल्या. 2020 मध्ये बल्गेरियाने भाषा आणि इतिहासाचा वाद काढून नकाराधिकार वापरला. 2022 मध्ये गाडी जराशी हलली, तर आता राज्यघटनेत देशातल्या बल्गेरियन समाजाचा उल्लेख करा, ही नवी अट. याचा मला मनापासून संताप येतो.

अटी नकोत असं मी म्हणत नाही. स्वतंत्र न्यायालयं, भ्रष्टाचाराला आळा, अल्पसंख्याकांचे हक्क यांत तसूभरही सूट देऊ नये. पण शेजाऱ्याचा इतिहासावरचा राग ही प्रवेशाची अट कशी होऊ शकते?

विस्ताराचे विरोधक आत राहून निर्णय अडवत आलेल्या हंगेरीकडे बोट दाखवतात. 27 सदस्य देशांचंच एकमत होत नाही, आणखी कशाला? भीती खरी आहे. पण तो दोष एकमताच्या नियमाचा आहे, दाराबाहेर उभ्या असलेल्यांचा नाही. स्पेन आणि पोर्तुगाल 1986 मध्ये आत आले, तेव्हा तिथली हुकूमशाही संपून जेमतेम दशक उलटलं होतं. त्यांच्या कोवळ्या लोकशाहीला युनियनचा आधार मिळाला. तोच आधार बाल्कनला का नाकारायचा?

ताटकळत ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. सुधारणा करून पदरात काही पडत नाही म्हटल्यावर त्या करणारे नेते निवडणूक हरतात, आणि रशिया तर वाटच पाहत असतो. 2024 मध्ये युनियनच्याच दारात उभ्या असलेल्या मोल्दोव्हात युरोपच्या बाजूचं सार्वमत पन्नास टक्क्यांच्या जेमतेम वर निभावलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अंतिम प्रवेशाला सर्वांची संमती लागू द्या, पण वाटाघाटींचा प्रत्येक टप्पा उघडायला आणि मिटवायला बहुमत पुरे करा.