हवा घेणारं इंजिन

ऑइल गळालं तर जमिनीवर काळा डाग पडतो. कूलंट गळालं तर गोडसर वास सुटतो. पेट्रोल गळालं तर सांगायलाच नको. व्हॅक्यूम लीक मात्र काहीच मागमूस ठेवत नाही, कारण बाहेर काही जातच नाही. बाहेरची हवा गुपचूप आत शिरते. तक्रार करायला जावं तर हातात पुरावा काय? उभ्या ट्रकची थरथर.

माझा ट्रक जुना, पेट्रोलवरचा, व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचा, हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरचा. पळताना एकदम शहाणा. सिग्नलला उभा राहिला की त्याच्या अंगात यायचं. आरसा थरथरे, बॉनेट थरथरे, शेवटी एक आचका देऊन इंजिन बंद. मिस्त्रींना चक्कर मारायला दिला की ते परत येऊन सांगत, "साहेब, गाडी तर मस्त पळतेय."

पळणारच. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल ही हवेची झडप जवळजवळ बंद असते, त्यामुळे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनाला लागणारी हवा अगदी थोडी. वजनाने एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, असा पेट्रोल पूर्ण जळण्याचा हिशेब. त्यात कार्बोरेटरला न विचारता एवढीशी हवा घुसली की हिशेब कोलमडतो आणि इंजिन मिसिंग मारतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मोठ्या झोतात तीच चोरटी हवा गर्दीत मिसळून जाते. थोडक्यात, ही बया माणसांत असली की गुणी, रोग दाखवणार तो फक्त आमच्यासमोर.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे स्लो स्पीडचा स्क्रू पिळणे. ज्याने ज्याने बॉनेट उघडलं, त्याने जाता जाता तो थोडा पिळला. दुखणं जागच्या जागी, आवाज तेवढा वाढला.

मग व्हॅक्यूम गेज लावलं. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे साधारण 17 ते 21 इंच दाखवतं. आमचा काटा 14 वर, आणि तिथे ढिम्म बसलेला. असा स्थिर पण खालचा काटा म्हणजे लीक तरी, नाहीतर इग्निशनचं टायमिंग मागे, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय तरी. टायमिंग बरोबर निघालं.

आता नळ्या. ब्रेक बूस्टरला एक, डिस्ट्रिब्युटरला एक, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला एक, हीटरच्या झडपांना डॅशबोर्डमागे गेलेल्या वेगळ्याच. कुठली कुठे जाते याचा नकाशा बॉनेटखाली चिकटवलेला असतो. आमच्या नकाशावर उन्हाने फक्त चौकट शिल्लक ठेवली होती. जुनं रबर इतकं कडक झालेलं, की हात लावला की टोक तुटून हातात. एक लीक शोधायला गेलो की दुसरं आमच्या कृपेने तयार. सगळ्या बदलून झाल्या, पकडीने एकेक दाबून झाली. काटा 14.

मग कानाला नळी. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं इंजिनावर फिरवायचं, पंखा आणि बेल्ट सांभाळून. फुस्स ऐकू आलं की चोर सापडला, असं म्हणतात. चालू इंजिनात फुस्स करत नाही असं आहे तरी काय? कार्बोरेटरचं तर कामच ते.

पुढे क्लीनरचा फवारा. सांध्यांवर मारायचा, लीक असेल तिथे तो आत ओढला जातो आणि इंजिनाचा वेग बदलतो. शेजारी तापलेला एक्झॉस्ट, हातात पेटणारा फवारा, पायाशी आग विझवण्याचा सिलिंडर. एकदा वेग बदललाही! आम्ही आनंदाने ओरडलो. पण पंख्याच्या वाऱ्याने फवारा उडून थेट कार्बोरेटरच्या तोंडात गेला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी रबरी हातमोजा मागितला. मला वाटलं, हात खराब व्हायला नकोत. त्यांनी इंजिनाच्या पोटातला गॅस मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची नळी काढून बूच मारलं, पोटात हवा घेणारा ब्रीदर बंद केला आणि ऑइल ओतायच्या तोंडावर मोजा ताणून बसवला. इंजिन चालू. पिस्टनांच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच, म्हणून मोजा हळूहळू फुगायला हवा. आमच्या मोज्याची आधी करंगळी आत गेली, मग अंगठा, मग तळव्यासकट अख्खा मोजा उलटा होऊन इंजिनाच्या पोटात.

"खालून हवा घेतंय," मिस्त्री म्हणाले.

मॅनिफोल्डचा सांधा बंद ठेवणाऱ्या गॅस्केटची खालची कड गेली होती, सिलिंडरांच्या दोन्ही ओळींच्या मधल्या खोलगट जागेत. तिथे फवारा पोचत नाही, कान पोचत नाही, गेज पत्ता सांगत नाही. हवा क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातून, ओढली जात होती आणि सोबत ऑइलची वाफही. डाग न पाडता ऑइल कमी होतं कसं, याचं "जुनं इंजिन आहे, पिणारच" असं उत्तर मला आजवर मिळत आलं होतं.

कूलंट काढा, कार्बोरेटर काढा, डिस्ट्रिब्युटर काढा, मग मॅनिफोल्ड उचला. तिथल्या पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरात हवा जायच्या वाटेच्या, तळाशी ऑइलचा ओला ओघळ, चकचकीत. नवं गॅस्केट, सगळं जोडून काटा 19 वर. स्लो स्पीडचा स्क्रू इतक्या जणांनी पिळला होता, की तो सैल करता करता मनगट दुखलं.

खात्रीसाठी पुन्हा मोजा लावला. या वेळी तळवा फुगला, मग एकेक बोट वर आलं, आणि पाचही बोटं ताठ झाली. इतके महिने आम्हाला नाचवून ट्रकने अखेर हात वर केले. मी फोटो काढायला धावलो.

"साहेब, आधी बंद करा," मिस्त्री ओरडले, "मोजा उडेल!"