सोमवारी रुजू ‘झाले असते’?

‘इंग्रजीचे पाच सोनेरी नियम’ हा मेसेज पंधरा दिवस ग्रुपांवर फिरतोय. मी सोडून दिला होता. परवा तासगावहून भाचीचा रडवेला फोन आला. पुण्याच्या एका कंपनीनं विचारलं, कधी रुजू होताय? बाईसाहेबांनी मेसेज प्रमाण मानून कळवलं, ‘आय वुड जॉईन ऑन मंडे.’ तिकडून उलट मेल: नक्की येताय ना, काही अडचण आहे का? “मामा, मी तर सभ्य लिहिलं होतं!”

कारण नियम पहिला: ‘विल’ उद्धट, ‘वुड’ सभ्य, नोकरीच्या पत्रात कायम ‘वुड’ लिहा. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? असं नुसतं ‘आय वुड जॉईन’ ऐकलं की ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो. मराठीत म्हणून बघा: ‘मी सोमवारी रुजू झाले असते.’ बरं, मग? माशी कुठं शिंकली? विनंतीला ‘वुड यू’, इच्छेला ‘आय वुड लाइक’ सभ्य आहे, एवढं मान्य करावंच लागेल. पण शब्द देताना तेच वापरलं की शब्दच पातळ होतो. तिथं सरळ ‘आय विल जॉईन’. सगळं ठरलेलंच असेल तर ‘आय ॲम जॉइनिंग’. यात उद्धट काय आहे?

दुसरा नियम, ‘शॅल’ फक्त ‘आय’ आणि ‘वी’ला. ही वाटणी जॉन वॉलिसनं 1653 सालच्या व्याकरणात मांडली. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह वापरात आणणारा गणितज्ञ तो हाच. पण त्यानंही ताकीद आणि वचनासाठी वाटणी उलटी केली होती. मेसेजवाल्यानं ती अर्धी गाळली. आपल्या राज्यघटनेचं पहिलंच कलम वाचा: ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स.’ इथं ‘आय’ कुठाय, ‘वी’ कुठाय? कायद्यातलं ‘शॅल’ बंधन घालतं, कर्ता कुणीही असो.

तिसरा, भविष्य आलं की ‘विल’ लावा. म्हणजे ‘इफ इट विल रेन’? आपण तरी ‘पाऊस पडला तर’च म्हणतो ना! इंग्रजीतही ‘इफ इट रेन्स’. सांगली स्टँडवर ‘स्वारगेट सहाला सुटते’ म्हणतात, तसंच ‘द बस लीव्ज ॲट सिक्स’.

उरलेले दोन ‘कॅन’ आणि ‘मे’चे. त्यानं कुणाची नोकरी जात नाही, सोडा.

भाचीनं ‘विल’ घालून पुन्हा मेल केला, तासाभरात ‘वेलकम’ आलं. तिला तो मेसेज पाठवला होता आमच्या ताईनंच. तिला समजवायला रविवारी तासगावला जातोय. ‘गेलो असतो’ नव्हे, जातोय.