दोन पावत्या आणि तुमच्या वडिलांची इन्क्वायरी

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीन दिवसांपूर्वीच वाचली होती. लगेच उत्तर दिलं असतं तर चिडून दिलं असतं, म्हणून थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की 2003 साली आमच्या कंपनीत युनियन फुटली तेव्हा मी जुन्या युनियनच्या अण्णांचीही वर्गणी भरत होतो आणि फुटून निघालेल्या युनियनच्या मास्तरांचीही, आणि मला त्यात गद्दारी वाटत नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, "काका, याला दोन्ही डगरींवर हात म्हणतात. माझे वडील मास्तरांबरोबर उभे राहिले आणि घरी बसले, तुम्ही दोन्हीकडे पावत्या फाडून नोकरी टिकवलीत." आणि तुमच्यासारख्यांमुळेच युनियन संपल्या, असंही लिहिलंत.

तुमचे वडील कोण ते माझ्या लक्षात आलं. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, मीही लिहीत नाही. प्रेसशॉपला होते, माझ्यापेक्षा चार वर्षांनी सीनियर. तेव्हा ठाण्याहून वाशीची लोकल नव्हती, ती 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाली, त्यामुळे फर्स्ट शिफ्टला आम्ही ठाणे स्टेशनवरून बसने रबाळ्याला जायचो आणि तुमचे वडील कळव्याला चढायचे, त्यांच्यासाठी जागा धरायचं काम माझं. म्हणजे मी कुणा परक्या माणसाबद्दल लिहीत नाहीये.

आधी पावत्यांचं सांगतो, कारण ज्यांनी कारखान्यात काम केलं नाही त्यांना वाटेल वर्गणीच्या पावतीला एवढं काय महत्त्व. महाराष्ट्रात 1971 चा युनियनच्या मान्यतेचा कायदा होता, आमच्याकडे सगळे त्याला एमआरटीयू म्हणायचे. त्यात मान्यता, म्हणजे कंपनीशी करार करायचा हक्क, एकाच युनियनला. कमीत कमी 30 टक्के कामगार सहा महिने सलग मेंबर असले पाहिजेत, आणि आधीच मान्यता असलेल्या युनियनला हटवायचं तर तिच्यापेक्षा जास्त मेंबर दाखवायचे. मेंबर कोण, तर जो वर्गणी भरतो तो, महिन्याला निदान 50 पैसे, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी नको. गुप्त मतदान वगैरे काही नाही, पावत्या आणि रजिस्टर बघायचे. म्हणजे तुम्हाला काय वाटतं हे कुणी विचारणार नाही, तुम्ही कुणाला पैसे दिले एवढंच विचारणार. वर मान्यता असलेल्या युनियनला पगाराच्या दिवशी कंपनीच्या आवारात वर्गणी गोळा करायचा हक्क, दुसऱ्याला नाही. त्यामुळे अण्णांची पावती टाइम ऑफिसच्या शेजारी टेबल टाकून आणि मास्तरांची गेटबाहेर सर्व्हिस रोडच्या टपरीवर, मागे पुढे बघत.

मी दोन्ही का फाडल्या? अण्णांनी मला 1991 ला परमनंट केलं. पाच वर्षं टेम्पररी होतो, दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक, लग्न ठरत नव्हतं त्या ब्रेकमुळे. तो माणूस मॅनेजरच्या केबिनमध्ये आमच्या अकरा जणांची यादी घेऊन बसला आणि सही घेतल्याशिवाय उठला नाही. ते मी कसं विसरणार? आणि मास्तर, ते बरोबर बोलत होते हो. 2000 च्या करारात अण्णांनी उत्पादन वाढवून दिलं, द्वारसभेत एका शब्दाने विचारलं नाही, फरक हातात पडला तेव्हा सगळे खूश आणि दोन महिन्यांनी प्रेसवरच्या माणसाला पाणी प्यायला जायची फुरसत नाही. हे उभं राहून विचारणारा एकटा मास्तर. एकाचे माझ्यावर उपकार होते आणि दुसऱ्याचं म्हणणं खरं होतं. आता तुम्ही सांगा यातलं कुठलं सोडायचं. अण्णांकडून मास्तरला शिव्या आणि मास्तरकडून अण्णांना शिव्या असं दोन्हीकडचं ऐकत मी दीड वर्ष काढलं, पण एकाची गोष्ट दुसऱ्याला जाऊन सांगितली असं एकदाही झालं नाही, आणि दोन्हीकडे हात ठेवून कसला फायदाही घेतला नाही, ना ओव्हरटाइम, ना चार्जहँडची बढती. हे तुम्ही कुणालाही विचारा.

माझे वडील गिरणीत होते, लालबागला. 18 जानेवारी 1982 ला डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार सगळे डॉक्टरांच्या मागे. आमचे वडील त्या मजदूर संघाचे मेंबर होते, पावती खिशात, आणि तीच पावती खिशात ठेवून डॉक्टरांच्या मोर्चाला गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील परत गिरणीत गेले नाहीत, आम्ही ठाण्याला किसननगरला आलो. त्यांना मी गद्दार म्हणू का? त्या दोन पावत्यांची वेळ कामगारामुळे येत नाही, एकच खुर्ची ठेवली की येते. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत तरी म्हटलंय की कुठल्याच युनियनकडे 51 टक्के नसतील तर किमान 20 टक्के कामगार असलेल्या युनियन एकत्र वाटाघाटीला बसतील. आमच्या वेळी ती सोय असती तर अण्णा आणि मास्तर एका टेबलावर बसले असते, भांडले असते पण बसले असते. म्हणून युनियन माझ्यासारख्यांमुळे संपल्या हे मी मान्य करत नाही. आमच्याकडे दोघांच्या भांडणात करार चौदा महिने लटकला, तेवढ्या वेळात कंपनीने पॅकिंग आणि पेंटशॉप कॉन्ट्रॅक्टवर दिलं, आणि ते दोघांपैकी कुणीच अडवू शकलं नाही.

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मला झोपू देत नाहीये, "माझ्या वडिलांच्या वेळी तुम्ही कुठे होतात." ते वाक्य तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त बरोबर आहे, म्हणून आता जे लिहितोय ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

तुमच्या वडिलांवर चार्जशीट होती की त्यांनी दुपारी गेटवर मालाचा टेम्पो अडवला आणि सुपरवायझरला ढकललं. डोमेस्टिक इन्क्वायरीत, म्हणजे कंपनीच्या आतल्या चौकशीत, मी त्यांच्या बाजूने साक्ष दिली, हे कदाचित तुम्हाला माहीत नसेल. मी सांगितलं की त्या वेळेला ते टपरीवर माझ्याबरोबर होते. इन्क्वायरी ऑफिसरने विचारलं, तुम्ही तिथे काय करत होतात? मी म्हटलं चहा प्यायला गेलो होतो. चहा नव्हता. तुमचे वडील माझी मास्तरांच्या युनियनची पावती फाडत होते, प्रेसशॉप आणि मेंटेनन्सच्या पावत्या तेच फाडायचे. ती पावती त्या क्षणी माझ्या शर्टाच्या खिशात होती, त्या दिवसाची तारीख, त्यांच्या अक्षरात, त्यांची सही. पण समोरच्या खुर्चीवर अण्णांचे दोन कमिटी मेंबर बसले होते आणि मला अण्णांना कळू द्यायचं नव्हतं. मी हात खिशाकडे नेला नाही. तुमचे वडीलही काही बोलले नाहीत, त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांनी सांगितलं असतं की याला पावती दाखवायला सांगा, तर मला दाखवावीच लागली असती. त्यांनी मला सांभाळलं.

रिपोर्टमध्ये लिहून आलं की साक्षीदार मित्र आहे आणि त्याच्या म्हणण्याला कागदोपत्री आधार नाही. पुढचं तुम्ही घरात भोगलंय. लेबर कोर्टात पाच वर्षं गेली आणि शेवटी थोड्या रकमेवर मिटवलं. पावतीवर वेळ नसते, फक्त तारीख, त्यामुळे तिने केस फिरली असती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ती पुढे ठेवायला हवी होती. दोन पावत्या फाडल्या याची मला आजही लाज वाटत नाही, दुसरी लपवली याची वाटते. अण्णांना त्याच आठवड्यात जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, दुसरं काय केलं असतं.

तर नोकरी टिकवली म्हणालात ते त्या एका दुपारपुरतं खरं आहे आणि मी ते मान्य करतो, तुमची माफी मागतो. वडिलांची मात्र इथे लिहून मागणार नाही. ते अजून कळव्याच्याच घरी असतील आणि भेटायला तयार असतील तर मला ईमेल करा, ऐरोलीहून यायला मला वेळ लागत नाही. पावती माझ्याकडे आहे, अण्णांच्या पावत्यांच्याच पिशवीत. शाई फिकी झालीय, पण तारीख आणि त्यांची सही वाचता येते.