‘सीटला पायपिंग घालू नका’ हा सल्ला कुठे चुकतो

गाडीच्या सीटला नवं कव्हर शिवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. पायपिंग, म्हणजे पट्टीत दोरी गुंडाळून शिवणीत बसवलेली गोल कड, घालू नका. ती नुसती शोभा आहे, वळणावर चुणतेच, आतली दोरी पाण्याने आखडते, तिच्या शिवणीवर रेक्झिन फाटतं, आणि पट्टी उरेबच, म्हणजे कापडावर तिरकीच, कापावी लागत असल्याने माल वाया जातो. हे वाचून पायपिंग सोडून दिलेल्या सीटा मी पाहिल्या आहेत, म्हणून उत्तर देतो.

शोभेचं आधी. बैठकीचा वरचा भाग आणि बाजूची पट्टी जिथे जुळतात, तिथेच चढता-उतरताना कपडे घासतात. साध्या शिवणीत ही झीज थेट जोडावर येते. पायपिंग असली की तिची गोल कड पुढे राहते आणि धागा तिच्या आड जातो. पायपिंग झिजते हे खरं आहे, पण जोडाच्या आधी तिने झिजावं हेच तिचं काम. मात्र पायपिंगने शिवण बळकट होते, हा उलटा दावाही मला मान्य नाही. ताण शेवटी धाग्यावरच येतो. बळकटी हवी असेल तर माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, दोन्हीकडे उलगडून वरून दुहेरी टीप मारावी.

चुण्यांचं मूळ बहुतेक वेळा हातात असतं. कव्हरच्या तुकड्याला लावताना पायपिंग ओढून धरली, तर सुईखालून सुटल्यावर ती मागे येते आणि तुकड्याला सोबत ओढते. ती सैलच सोडावी, बाहेरच्या कोपऱ्यावर थोडी जास्तच. तिथे मायेला जवळजवळ काप द्यावेत आणि ते टाक्याच्या दोन-तीन मिमी अलीकडे थांबावेत. पट्टीची रुंदीही अंदाजाने घेऊ नये. ४ मिमी दोरीचा घेर साधारण १२.५ मिमी, दोन्हीकडे १२ मिमी माया धरली की ३६-३७ मिमी होतात, रेक्झिन जाड असेल तर थोडं अधिक. ही माया कव्हरच्या मायेइतकीच ठेवली की कडेला कड लावून सरळ शिवता येतं. दोरी पट्टीत बसवतानाची पहिली टीप दोरीपासून किंचित लांब आणि जोडाची शेवटची टीप तिला अगदी लगटून हवी. हा क्रम उलटला की पहिला धागा बाहेर डोकावतो. मशीनचा कापड दाबणारा पाय साधाच ठेवला, खोबण असलेला लावला नाही, तर शेवटची टीप दोरीजवळ नीट पोचत नाही.

दोरी आखडते, पण सुती असेल तर. प्लॅस्टिकची किंवा फोमची घ्या, प्रश्न मिटला.

रेक्झिन फाटतं ते बारीक टाक्याने. भोकं इतकी जवळ येतात की तिकिटाच्या कडेसारखी रेघ तयार होते. टाका साडेतीन ते चार मिमी ठेवावा. दोन शिवणी एकमेकींना छेदतात तिथे आतली दोरी तेवढ्यापुरती काढून टाकावी, म्हणजे गाठ येत नाही.

उरेब पट्टी लागते ती उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या कापडाला. रेक्झिनच्या मागे जाळीदार होजियरी, म्हणजे बनियनसारखं ताणणारं कापड, असेल, तर ते ज्या दिशेने ताणतं त्या दिशेने पट्टी कापली की पुरतं. बहुधा ती आडवी असते. चामड्याला तर उभा-आडवा धागाच नसतो.

जिथे पायपिंग खरोखर घालू नये, ती जागा या सल्ल्यात आलेलीच नाही. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते आणि ती कव्हरच्या एका ठरावीक शिवणीतून बाहेर येते. ती शिवण फाटावी म्हणूनच तशी केलेली असते. तिथे जाड धागा, दुहेरी टीप किंवा पायपिंग घातली तर एअरबॅग वेळेवर उघडेल याचा भरवसा राहत नाही. सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी दिसली, तर त्या पाठीचं मूळ कव्हर उसवू नका.